हेड बदलण्याआधी डोकं वापरा

सुरुवातीलाच माझं मत सांगून टाकतो. जुन्या ट्रकच्या इंजिनाला सिलिंडर हेड निवडताना "यातून जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर निघेल?" असं विचारणं म्हणजे नांगराला बैल घ्यायला बाजारात जायचं आणि शर्यतीचे घोडे बघत बसायचं. घोडा वाईट नसतो हो, पण नांगर त्याचं काम नाही. आणि इथे अमेरिकेत जुन्या पिकअपच्या बाबतीत हे इतक्या वेळा होताना बघतोय, की म्हटलं एकदा सविस्तर लिहावंच.

मंडळी, इथे ट्रक म्हणजे आपला दहा टायरचा मालट्रक नव्हे. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, अशा पिकअपलाच इथले लोक ट्रक म्हणतात. भारतात गेलो की हमखास ऐकायला मिळतं, "तुमच्याकडे काय, गाडी जुनी झाली की फेकून देतात!" तसं नाही बरं का. इथल्या रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय आता १२ वर्षांच्या वर गेलंय. तीस-तीस वर्षांचे पिकअप रोज कामावर जातात, त्यांची इंजिनं उघडली जातात, हेड उतरतात, परत चढतात. माझं बालपण कोल्हापूरकडचं. शेतावरच्या ऑइल इंजिनाचं हेड उतरवून पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासणारे मिस्त्री आणि उद्यमनगरातली लेथ मशीनं बघत मोठा झालो. त्यामुळे मिशिगनमध्ये एखाद्याच्या गॅरेजात उघडं इंजिन दिसलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात (आणि घरी जेवण थंड होतं, हा भाग वेगळा).

या लेखाचं निमित्त आमच्या पलीकडच्या गल्लीतले एक शेजारी. उन्हाळ्यात लोकांची हिरवळ कापणं, झाडं लावणं, आणि हिवाळ्यात ट्रकच्या तोंडाला नांगरासारखं मोठं पातं लावून लोकांच्या अंगणातला नि दुकानांपुढचा बर्फ ढकलणं, हा त्यांचा धंदा. म्हणजे ट्रक हेच पोट. ट्रक १९९२ चा शेव्हरोले पिकअप, चारही चाकं ओढणारा, इंजिन ३५० घनइंची व्ही-एट, म्हणजे ५.७ लिटर. सव्वादोन लाख मैल झालेले. सप्टेंबरात इंजिन तापलं, पाणी कमी व्हायला लागलं, आणि हेड उतरवून तपासल्यावर दोन व्हॉल्व्हच्या मधोमध तडा निघाला. पहिला बर्फ पडायला जेमतेम दोन महिने. बर्फाचा हंगाम हुकला तर वर्षाच्या कमाईचा मोठा तुकडा गेला.

मी वाहनांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो हे माहीत असल्याने ते सल्ला विचारायला आले. हातात एका दुकानाचं अंदाजपत्रक होतं. त्यात मोठ्या पोर्टची ॲल्युमिनियमची नवी हेड, त्यांना साजेसा मोठा कॅमशाफ्ट, नवं मॅनिफोल्ड, वगैरे वगैरे. एकूण आकडा बघून मला वाटलं, एवढ्यात दुसरा अख्खा जुना ट्रक येईल! खाली ठळक अक्षरात एक आकडा: किती हॉर्सपॉवर मिळणार तो. बर्फ ढकलायला त्यातली किती लागते, याबद्दल मात्र एक ओळही नाही.

इतके पर्याय मुळात येतात कुठून, ते आधी सांगतो. शेव्हरोलेचं हे 'स्मॉल ब्लॉक' इंजिन १९५५ साली २६५ घनइंचांचं म्हणून आलं. ३५० घनइंचांचा अवतार १९६७ मध्ये आला. नोव्हेंबर २०११ मध्ये कंपनीने दहा कोटीवं स्मॉल ब्लॉक बनवलं. गंमत म्हणजे १९५५ पासून १९९० च्या दशकापर्यंतच्या पहिल्या पिढीत हेडच्या बोल्टांची मांडणी मूळचीच राहिली. म्हणजे साठच्या दशकातलं हेड नव्वदीतल्या ब्लॉकवर बसतं. त्यामुळे भंगारातलं, कारखान्यातलं, शर्यतवाल्यांचं, नव्या कंपन्यांनी ओतलेलं, अशी डझनावारी हेडं एकाच ब्लॉकवर चढतात. आता 'बसतं' आणि 'शोभतं' यात फरक आहे, आणि सगळी गडबड तिथेच होते.

हेड म्हणजे काय, हे ज्यांनी इंजिन उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिस्टनच्या डोक्यावरचं झाकण म्हणजे हेड. त्यातच स्फोटाची खोली असते, त्यातच हवा आत-बाहेर करणारे व्हॉल्व्ह असतात, त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या वाटा (यांना पोर्ट म्हणतात) असतात, आणि या सगळ्याभोवती थंड करणारं पाणी खेळतं. इंजिनाचं नाक, घसा आणि चूल, सगळं एकाच ओतकामात. त्यामुळे हेड बदललं की इंजिनाचा स्वभाव बदलतो.

आता आमच्या शेजाऱ्यांपुढचे चार पर्याय बघू.

पहिला पर्याय म्हणजे जे होतं तेच. १९८७ ते १९९५ या काळातल्या या ट्रकांत कार्ब्युरेटरच्या जागी दोन इंजेक्टर बसवलेले असत, त्याला टीबीआय म्हणतात. त्यासोबत आलेलं बिडाचं हेड 'स्वर्ल पोर्ट' म्हणून ओळखलं जातं. आत येणाऱ्या हवेच्या वाटेत, व्हॉल्व्हच्या अगदी जवळ, एक उंचवटा मुद्दाम ओतलेला असतो. हवा त्याला घासून गोल फिरत सिलिंडरमध्ये उतरते. फिरणारं मिश्रण लवकर आणि नीट जळतं, कमी फेऱ्यांवर ओढ चांगली मिळते, धूर कमी होतो. तोटा असा की फेरे वाढले की हाच उंचवटा घशात अडकलेल्या घासासारखा आडवा येतो. ४००० फेऱ्यांच्या पुढे इंजिन दमतं. हौशी मंडळी या हेडला इतक्या शिव्या घालतात की विचारू नका. कागदावरचे आकडेही तसे साधेच: २१० एचपी ४००० फेऱ्यांवर, आणि ३०० पौंड-फूट (सुमारे ४०७ न्यूटन-मीटर) टॉर्क २८०० फेऱ्यांवर.

दुसरा पर्याय 'व्होर्टेक' हेड. १९९६ पासून याच ३५० इंजिनावर हे आलं, आणि कारखान्यात बनलेल्या जुन्या पद्धतीच्या स्मॉल ब्लॉक हेडांमध्ये ते सर्वात चांगल्यांपैकी एक आहे, यात शंका नाही. मजा बघा, व्हॉल्व्हचे आकार तेच (१.९४ आणि १.५० इंच), स्फोटाच्या खोलीचा आकार तोच (६४ घनसेंटिमीटर), तरी हवा कितीतरी जास्त आणि सुरळीत जाते. कारण पोर्टचं वळण आणि खोलीची ठेवण सुधारली. व्हॉल्व्ह मोठा केला म्हणजेच इंजिन जास्त श्वास घेतं, असं समजणाऱ्यांनी ही दोन हेडं शेजारी ठेवून बघावीत. ट्रकमध्ये या इंजिनाने सुमारे २५० एचपी आणि ३३० पौंड-फूटच्या आसपास टॉर्क दिला. अर्थात त्याबरोबर इंधन सोडण्याची पद्धतही बदलली होती, सगळं श्रेय हेडचं नाही.

पण मेख इथे आहे. व्होर्टेक हेडला मॅनिफोल्ड धरायला आठ बोल्ट असतात आणि जुन्याला बारा, त्यामुळे जुनं मॅनिफोल्ड चालत नाही. जुन्या हेडमधून एग्झॉस्टची गरम हवा मॅनिफोल्डखालून जाण्याची एक आडवी वाट असते, व्होर्टेकमध्ये ती नाही. ती वाट दोन कामं करते. थंडीत मॅनिफोल्ड तापवते, म्हणजे वर शिंपडलेलं पेट्रोल भिंतींवर साचत नाही. आणि ईजीआरला, म्हणजे थोडा जळका वायू परत इंजिनात सोडून आच कमी करणाऱ्या व्यवस्थेला, वायू पुरवते. व्होर्टेक लावायचं तर ईजीआरला बाहेरून वेगळी नळी आणावी लागते. ती न आणता ईजीआर बंद केला, तर विषारी नायट्रोजन ऑक्साइड वाढतातच, शिवाय इंजिन ओझ्याखाली खडखडायला लागतं, कारण काॅम्प्युटर ठिणगीची वेळ ईजीआर चालू आहे असं धरून ठरवत असतो. आणि हो, काॅम्प्युटर! त्या काळातला काॅम्प्युटर आत येणारी हवा मोजत नाही. मॅनिफोल्डमधला दाब आणि फेरे बघून, आत साठवलेल्या तक्त्यावरून अंदाज करतो. हेड बदललं की तो तक्ता खोटा ठरतो. सावकाश चालताना एग्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर चूक सांभाळून घेतो, पण पॅडल पूर्ण दाबल्यावर तो सेन्सर विचारात घेतला जात नाही, आणि नेमकं तेव्हाच पेट्रोल कमी पडण्याची भीती. म्हणजे चिपही नवी लिहून घ्यायला हवी.

तिसरा पर्याय दुकानवाल्यांचा, म्हणजे मोठ्या पोर्टची ॲल्युमिनियम हेड. ॲल्युमिनियमबद्दल माझी तक्रार नाही. बिडाच्या जवळपास निम्मं वजन, उष्णता झटकन बाहेर टाकतं, तडा गेला तर वेल्डिंगने दुरुस्त करणं सोपं. लहान पोर्टची चांगली ॲल्युमिनियम हेडही मिळतात. तक्रार आहे ती मोठ्या पोर्टबद्दल. व्होर्टेकची आत येणारी वाट १७० घनसेंटिमीटरची आहे, आणि अंदाजपत्रकातली २०० च्या वरची. बागेत पाणी घालताना पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवला की धार लांब जाते, काढला की पाणी पायाशीच पडतं, हे सगळ्यांनी केलेलं आहे. पोर्टचंही तसंच. रुंद वाटेत कमी फेऱ्यांवर हवा रेंगाळते, पेट्रोल नीट मिसळत नाही, ओढ जाते. फेरे साडेपाच-सहा हजार झाले की तीच वाट वरदान ठरते.

मग प्रश्न एवढाच: हा ट्रक सहा हजार फेऱ्यांवर कधी जातो? हिशेब करून बघू. याच्या मागच्या ॲक्सलचं प्रमाण ३.७३, चौथ्या गिअरचं ०.७०, टायरची उंची साधारण २९ इंच. ताशी ६५ मैल (१०५ किलोमीटर) वेगाला चौथ्या गिअरमध्ये इंजिन जवळपास २००० फेऱ्यांवर फिरतं. मागे ट्रेलर जोडला आणि तिसरा गिअर धरला तर २८०० च्या आसपास. बर्फ ढकलताना तर हजार-बाराशे ते अडीच हजार, बस्स. म्हणजे या ट्रकचं अख्खं आयुष्य ३००० फेऱ्यांच्या आत जातं. २८०० फेऱ्यांवर ३०० पौंड-फूट म्हणजे १६० एचपी होतात. त्याला रोज लागते ती ताकद ही, आणि ती असलेल्या हेडमधून मिळतच होती. दुकानदार जो आकडा विकत होता, तो ज्या फेऱ्यांवर मिळतो तिथे हा ट्रक वर्षातून एकदाही जाणार नाही.

आणखी एक आकड्यांचा खेळ सांगतो, कारण त्याला भलेभले फसतात. हेडमधून किती हवा जाते, हे एका यंत्रावर मोजतात. इथे बहुतेक ठिकाणी २८ इंच पाण्याच्या दाबफरकावर मोजायची रीत आहे. व्हॉल्व्ह ०.१, ०.२, ०.३ इंच असा उघडत जातात आणि प्रत्येक ठिकाणी हवा मोजतात. जाहिरातीत छापतात ती शेवटची, सर्वात मोठी संख्या, बहुधा ०.६ इंचावरची. पण ट्रकच्या मूळ कॅमशाफ्टवर व्हॉल्व्ह उघडतो सुमारे ०.४ इंच! ०.६ वरचा आकडा मग काय लोणच्यासोबत खायचा? बघायचं असेल तर ०.२ आणि ०.३ वर किती हवा जाते ते बघावं. व्हॉल्व्ह उघडताना एकदा आणि मिटताना एकदा त्या उंचीवरून जातोच जातो.

चौथा पर्याय, म्हणजे जुन्या बाजारातली साठ-सत्तरच्या दशकातली हेड. यांना इथे भाविक मंडळी आहेत. पण १९६८ पर्यंतच्या हेडना अल्टरनेटर वगैरे धरायला टोकाला भोकंच नाहीत. जुन्या हेडच्या व्हॉल्व्ह सीटही शिसंयुक्त पेट्रोलच्या भरवशावर बनवलेल्या. अमेरिकेत १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांना शिसंयुक्त पेट्रोलवर बंदी आहे, भारतातही २००० साली ते गेलं. बिनशिशाच्या पेट्रोलवर ओझं ओढलं की मऊ सीट झिजून एग्झॉस्ट व्हॉल्व्ह आत धसत जातो. कडक सीट बसवता येतात, पण मग स्वस्तात मिळालेलं हेड स्वस्त राहत नाही. शिवाय सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ हेडांची खोली ७६ घनसेंटिमीटरची. ३५० च्या एका सिलिंडरमध्ये पिस्टन ७१७ घनसेंटिमीटर जागा झाडतो. ६४ ची खोली आणि गॅसकेट, पिस्टनवरचा खळगा वगैरे धरून वर समजा ८५ उरले, तर काॅम्प्रेशन रेशो येतो ९.४. खोली ७६ ची केली की तो ८.४ वर उतरतो. बारा घनसेंटिमीटर म्हणजे औषधाचे अडीच चमचे, आणि तेवढ्यात पिकअपही जातो आणि ॲव्हरेजही.

तर मग मी काय सांगितलं? इथल्या हौशी मंडळींचं ठरलेलं उत्तर 'व्होर्टेक लाव' हे आहे, आणि ज्याला वेळ आहे, महामार्गावर जड ट्रेलर ओढायचा आहे, त्याला मीही तेच सांगेन. पण लावायचं तर पूर्ण संच लावा: मॅनिफोल्ड, ईजीआरची नळी, नवी चिप, आणि कॅमशाफ्ट बदलणार असाल तर व्हॉल्व्ह किती उघडतो त्याचा हिशेब, कारण मूळ व्होर्टेक हेडमध्ये साधारण ०.४६ इंचांपुढे स्प्रिंगची वरची टोपी गाइडवरच्या सीलला भिडायला लागते. अर्धवट लावलेलं व्होर्टेक हे नीट लावलेल्या जुन्या हेडपेक्षा वाईट. उणे वीस अंशात पहाटे चार वाजता इंजिन चालू करून लगेच कामाला जुंपणाऱ्या माणसाला तर ती मॅनिफोल्ड तापवणारी वाट सोन्यासारखी आहे. म्हणून मी म्हटलं, तेच स्वर्ल पोर्ट हेड, पण तडा नसलेलं ओतकाम शोधून, नीट तयार करून लावा.

शेजारी जरा हिरमुसले. "म्हणजे काहीच सुधारणा नाही?" असं त्यांचं म्हणणं. आहे ना! सुधारणा म्हणजे काय, इथेच तर माझा वाद आहे.

आधी हेड गरम पाण्यात धुऊन चुंबकीय तपासणी करायची, म्हणजे केसाएवढा तडाही दिसतो. मग पाण्याच्या वाटा बंद करून हवेच्या दाबाने तपासायचं. या दोन गोष्टी न करता हेडवर एक पैसाही खर्च करू नये. मग गाइड बदलायचे, कारण गाइड सैल असले तर व्हॉल्व्ह डुलतो आणि कितीही सुबक सीट कापली तरी टिकत नाही. मग सीट तीन कोनांत कापायची, ३०, ४५ आणि ६० अंश. हवेला धारदार कड्यावरून उडी मारायला लावण्यापेक्षा उतारावरून नेलेलं बरं. मग सीटच्या खालच्या वाटीत, जिथे कटरने धार सोडलेली असते, तेवढीच धार हलक्या हाताने मोडायची. नवे सील, नव्या स्प्रिंगा, पृष्ठभाग सपाट होईल एवढंच फेसिंग. जास्त फेसिंग मारलं तर व्ही-एटमध्ये दोन्ही हेड खाली सरकतात आणि मधलं मॅनिफोल्ड नीट बसत नाही. संपलं.

काय करायचं नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. तो उंचवटा ग्राइंडरने उडवायचा नाही. बरेच जण उडवतात. हवा थोडी वाढते, पण फिरकी जाते, आणि आपण ज्या कामासाठी हे हेड ठेवलं तेच काम करणारा भाग आपण कापलेला असतो. वर घाई झाली तर पाण्याच्या वाटेपर्यंत भोक पडतं. आत येणारी वाट आरशासारखी चकचकीतही करायची नाही. टीबीआयमध्ये पेट्रोल हवेबरोबर त्या वाटेनेच जातं, आणि गुळगुळीत भिंतीवर ते चिकटून ओघळतं. थोडी खरबरीत भिंत त्याला परत हवेत उडवते. चकाकी फोटोत छान दिसते, इंजिनाला तिचा उपयोग नाही.

आता सर्वात महत्त्वाचा प्रश्न, जो त्या अंदाजपत्रकात कुठेच नव्हता: मुळात हेडला तडा गेला का? बीड काही उगाच तडकत नाही. इंजिन तापलं म्हणून तडकलं, आणि रेडिएटर काढून बघितला तर निम्म्या नळ्या गाळाने बंद. पंख्याचा क्लचही घसरत होता. त्यात बर्फाचं पातं रेडिएटरच्या पुढ्यात हवा अडवून उभं. या रेडिएटरवर पृथ्वीतलावरचं कुठलंही हेड लावलं असतं तरी पुढच्या हिवाळ्यात तेच झालं असतं. व्होर्टेकही तडकतात, एग्झॉस्टच्या सीटपाशी, हे सर्वांना ठाऊक आहे. ॲल्युमिनियम तापलं तर वाकडं होतं. तेव्हा वाचलेल्या पैशातून नवा रेडिएटर, पंख्याचा क्लच, थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप घ्या, असं मी सांगितलं. माझ्या मते ट्रकच्या हेडमधली सर्वात मोठी सुधारणा रेडिएटरमध्ये असते.

"मिशिगनमध्ये धुराची तपासणी नाहीच, मग ईजीआर नि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ठेवता कशाला?" असंही बरेच जण म्हणतात. तपासणी नाही हे खरं. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांची ती दर दोन वर्षांनी होते, आणि बाहेरचं हेड लावायचं तर त्या भागाला राज्याचा मंजुरी क्रमांक लागतो. पण देशाचा क्लीन एअर ॲक्ट मिशिगनलाही लागू आहे, आणि प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढायला त्यात मनाई आहे. कायदा सोडा, ज्या गल्लीतला बर्फ हा ट्रक पहाटे ढकलतो त्याच गल्लीत माझी मुलं बसची वाट बघत उभी असतात. जुना ट्रक जगवायच्या मी पूर्ण बाजूचा आहे, पण त्याने इतरांच्या नाकातोंडात धूर सोडून जगू नये एवढंच.

मला माहीत आहे, काही वाचक म्हणतील, "अहो, मजा नावाची काही गोष्ट आहे की नाही?" आहे की! रविवारी शर्यतीच्या पट्टीवर नेण्यासाठी कोणी मोठी हेड, मोठा कॅमशाफ्ट लावून सहा हजार फेऱ्यांचं संगीत ऐकत असेल, तर मी स्वतः स्पॅनर घेऊन मदतीला जाईन. तिथे मोठं पोर्ट हेच योग्य. माझा राग आहे तो एका कामाचं हत्यार दुसऱ्या कामासाठी विकणाऱ्यांवर. ज्याचं पोट ट्रकवर आहे त्याला स्वप्न विकणं सोपं असतं, कारण तो घाईत असतो आणि घाबरलेला असतो. आपल्याकडे बोअरवेलला गरजेपेक्षा दुप्पट ताकदीची मोटर गळ्यात मारणारे असतात, त्यातलाच हा प्रकार. मोटर विकणारा विहिरीत पाणी किती ते विचारत नाही.

शेवटी काय झालं? त्यांनी एका जुन्या मशीन शॉपमधून तपासलेली स्वर्ल पोर्ट हेड घेतली. शॉपचे मालक सत्तरीचे, सीट कापताना रेडिओवर बेसबॉल ऐकणारे. रेडिएटरसकट सगळा खर्च त्या अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून बराच कमी आला. दोन शनिवार-रविवारांत आम्ही इंजिन परत जोडलं. हेडचे बोल्ट तीन टप्प्यांत, मधून बाहेर अशा क्रमाने आवळले, आणि बोल्टांना सीलंट लावलं, कारण या इंजिनात ते थेट पाण्यात उतरतात. नोव्हेंबरच्या पहिल्या बर्फाला ट्रक कामावर होता. त्यानंतर दोन हिवाळे झाले. काटा मधोमध उभा असतो, पाणी कमी होत नाही. हॉर्सपॉवर? वाढली नसावी. कोणी मोजलीही नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे जुनी जीप असो, ट्रॅक्टर असो की शेतावरचं इंजिन, हेड उघडायची वेळ आली तर मिस्त्रीला तीन गोष्टी विचारा. हे बिघडलं का? हे इंजिन दिवसभर किती फेऱ्यांवर चालतं? आणि नवीन भाग लावला तर त्याच्याबरोबर आणखी काय काय बदलावं लागेल? या तिन्हींचं सरळ उत्तर मिळाल्यावरच खिशात हात घाला. आणि तुमच्या गावात सीट नीट कापणारा, गाइड बसवणारा एखादा जुना कारागीर अजून दुकान उघडून बसला असेल, तर त्याला काम द्या. इथे अशी दुकानं एकेक करून बंद होताना मी बघतोय. हेड काय, कुरिअरनेही मागवता येतं. ते तपासून "हे चालेल, हे नको" असं सांगणारा माणूस मागवता येत नाही.

असो. लेख वाटला त्याहून लांबला. ईजीआरबद्दल लोकांच्या मनात जो राग आहे त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.